मे महिनाभर पाऊस, मिरच्या माना टाकून राहिल्या, लिंबाला डिंक: वाडी वाचवायची कशी?

परसातली (आर्वीकडचं गाव, जि. वर्धा) · २८ मे २०२५

नमस्कार सगळ्यांना. आतापर्यंत इथं नुसती वाचायची, आज पहिल्यांदा लिहून राहिली कारण आता खरंच काही सुचत नाहीये.

आमच्या घरामागं १५ बाय ३० फुटाची वाडी आहे, भारी काळी माती. मिरचीची १२ झाडं, वांगी ८, टमाटर ६, मांडवावर दोडके, कुंपणाला कोहळ्याचा वेल, एका कोपऱ्यात सांबार (कोथिंबीर) अन् पालक, भिंतीकडे गोडनिंब (कढीपत्ता) अन् मुंगना (शेवगा), आणि मधोमध लिंबाचं झाड. दरवर्षी मार्च संपता संपता मी उन्हाळ्याची तयारी करते, म्हणजे प्रत्येक झाडाला खोल आळं, त्यात सोयाबीनचं कुटार जाड अंथरायचं, वरून हिरवी नेट, वेलाच्या बुडाशी ओलं बारदान. एवढं केलं की ४५ डिग्रीतही वाडी जगते. यंदाही तसंच केलं. पण यंदाचा मे पाहताच आहात तुम्ही, दर दोन दिवसांनी संध्याकाळी आभाळ भरून येते, वारा सुटते अन् तासभर धो धो. आज नवतप्याचा चौथा दिवस, एरवी या दिवसांत कूलरपुढून उठवत नाही आणि यंदा आम्ही रात्री चादर घेऊन झोपून राहिलो. कुरड्या वाळल्याच नाहीत, बुरशी आली, फेकून द्याव्या लागल्या. ते जाऊ द्या, वाडीचं सांगते.

मागच्या आठवड्यात मिरचीची ४ झाडं दुपारी माना टाकायला लागली. मला वाटलं वरून ओलं दिसते पण खाली कोरडं असेल, म्हणून मी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी २ झाडं तशीच. काल त्यातलं एक उपटून पाहिलं तर जोर लावावाच लागला नाही, अलगद हातात आलं. मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल ओल्या कागदासारखी निघून आली, आत दोऱ्यासारखा धागा तेवढा राहिला, आणि वास नालीतल्या गाळाचा. पोटात धस्स झालं.

सांबार तर सडूनच गेला. टमाटर झाडावरच फुटून राहिले, देठाजवळून गोल गोल चिरा. कोहळ्याला फळ धरते, लिंबाएवढं होते, पिवळं पडते अन् गळते. वांग्याची खालची पानं पिवळी. शेजारचे भाऊ म्हणतात युरिया टाका, दोन दिवसांत हिरवं होईल. टाकू का?

आणि सगळ्यात जास्त जीव त्या लिंबात अडकला आहे. ते मामाजींनी (सासऱ्यांनी) लावलेलं आहे, ते जाऊन दोन वर्षं झाली. गल्लीतली सगळी लोकं त्याची लिंबं नेतात, उन्हाळ्यात कोणाला ऊन लागलं की पहिले आमच्याकडेच येतात. काल पाहिलं तर खोडाला जमिनीपासून वीतभर उंचीवर साल ओली, काळपट, अन् तिच्यातून मधाच्या रंगाचा डिंक थेंब थेंब येऊन राहिला. सासूबाई रोज जाऊन त्याला हात लावून येतात, काही बोलत नाहीत.

तर विचारायचं एवढंच की जे आहे ते वाचवायची धडपड करू का सगळं उपटून मृगाला नव्यानं लावू? आणि पाऊस तर लागलाच आहे, मग बरबटी (चवळी), भेंडी, अंबाडी आत्ताच टोबून टाकली तर चालेल का?

काळी_कसदार (दारव्हा, जि. यवतमाळ) · २८ मे

ताई, आधी एक काम करा, हे वाचून झालं की फावडं घ्या आणि सगळी आळी फोडा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मी कृषी खात्यात सहायक म्हणून ३० वर्षं काढली, आता घरचीच वाडी पाहतो. तुम्ही उन्हाळ्याची जी मांडणी केली ती एकदम बरोबर आहे, पण ती सगळीच्या सगळी पाणी धरून ठेवायची मांडणी आहे. आळं पाणी अडवते, कुटार वाफ अडवते, नेट ऊन अडवते, बारदान ओल धरते. कोरड्या मे महिन्यात यानंच झाड जगते, आणि पाऊस पडून राहिला की यानंच बुडते. आपली काळी माती ओली झाली की फुगते, भेगा बुजतात, वरचं पाणी खाली उतरत नाही, तुमच्या प्रत्येक झाडाचं आळं म्हणजे एक एक गंगाळ झालं आहे अन् झाड त्यात पाय बुडवून उभं आहे. मुळांना हवा लागते. पाण्यात बुडालेल्या मुळाला हवा मिळत नाही, हवा नाही तर ते पाणी ओढत नाही, म्हणून पाण्यात उभं राहूनही झाड तहानल्यासारखी मान टाकते. ही चूक तुमची एकटीची नाही, झाडानं मान टाकली की आपला हात आपोआप बादलीकडे जातो. ओळखायची खूण एकच, मान टाकलेली दिसली की पाणी द्यायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घालून पाहायचं.

आता करायचं काय तर आळी उताराच्या बाजूनं फोडून द्या, वाडीच्या खालच्या कडेनं वीतभर खोल चर काढा आणि त्याचं तोंड बाहेर काढा. हे करताना वाफ्यात पाय देऊ नका, फळी टाकून फळीवर उभं राहा, ओल्या काळ्या मातीवर पाय पडला की ती विटेसारखी दाबल्या जाते आणि वाळली की तिथं ढेकूळच होते. निंदणं, खुरपणं काहीच नको वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होईपर्यंत. वाफसा पाहायचा तर चार बोटं खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा, पडल्यावर भुगा झाला तर वाफसा आहे, लादीसारखा चपटा झाला तर अजून थांबा. नेट काढून टाका, ऊन जेवढं लागेल तेवढं लागू द्या. कुटारही सगळं उचलून बाहेर वाळत घाला.

मिरचीचं म्हणाल तर प्रत्येक झाडाचं खोड जमिनीजवळ नखानं थोडं खरवडा. आत हिरवं असेल तर ठेवा, तपकिरी असेल तर उपटा, आणि उपटलेलं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, वाळवून जाळा. जी राहतील त्यांना पाणी ओसरल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराईड, १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम, बुडाशी पेलाभर पेलाभर ओता. त्यानंतर किमान पंधरा दिवसांनी ट्रायकोडर्मा द्या, त्याच्या आधी नको, तांब्याचं औषध बुरशी मारते आणि ट्रायकोडर्मा स्वतःच एक बुरशी आहे, दोन्ही एकत्र दिलं तर पैसे वाया. १० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात १०० ग्रॅम मिसळायचं, सावलीत आठ दिवस ओलसर झाकून ठेवायचं, मग मुठी मुठीनं द्यायचं. तुम्हाला सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र जवळ पडेल, तिथं विचारून पाहा.

युरिया अजिबात नको. खालची जुनी पानं पिवळी म्हणजे नत्र कमी पडलं हे खरं आहे, पण ते कमी पडलं कारण पाण्यासोबत वाहून गेलं आणि हवा नसलेल्या मातीत उरलंसुरलं वायू होऊन उडून गेलं. आता टाकलेला युरियाही त्याच रस्त्यानं जाईल. आणि मुळं सडलेली असताना खाणार कोण? झाडानं जरा जीव धरला की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरमागे ५ ग्रॅम पानांवर फवारा, सकाळी. वरची कोवळी पानं पिवळी अन् शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसत असेल तर ते वेगळं, ते लोह कमी पडल्याचं, काळ्या चुनखडीच्या मातीत ओल जास्त झाली की होते ते, ओल गेली की बऱ्याचदा आपोआप सुधारते.

टमाटर फुटतात कारण कोरड्यात वाढलेली साल एकदम आलेल्या पाण्यानं ताणल्या जाते. रंग धरायला लागलं की तोडा, घरात टोपल्यात पिकू द्या.

संत्राकट्टा (वरूड, जि. अमरावती) · २८ मे, रात्री

लिंबाबद्दल मी सांगतो कारण आमचं आयुष्यच या झाडांत गेलं. ताई, हा डिंक्या आहे. जमिनीतली बुरशी असते, फायटोप्थोरा म्हणतात, पाणी खोडाला लागून राहिलं की सालीत शिरते. साल सगळीकडून गोल खाऊन टाकली की झाड गेलं, पण तुम्ही सांगता तसं एका बाजूला वीतभरच असेल तर झाड वाचते. मी वाचवलेली आहेत. उशीर मात्र करू नका.

पहिले खोडाजवळची माती हातानं बाजूला करा, मुळं जिथून फुटतात तिथपर्यंत खोड उघडं झालं पाहिजे. मग धारदार चाकू घ्या, डिंक आलेली काळी साल हळूहळू खरवडत जा, आजूबाजूची पांढरी-हिरवट निरोगी साल लागेपर्यंत, बोटभर निरोगी सालही काढावी लागली तर काढा, पण आतलं लाकूड कापू नका. खरवडलेलं खाली पडू देऊ नका, पेपर अंथरा आणि जाळा. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यानं पुसून घ्या आणि कोरडी होऊ द्या. त्यावर बोर्डो पेस्ट.

एका झाडापुरती पेस्ट म्हणजे १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी. मोरचूद अर्ध्या लिटरमध्ये रात्रीच भिजत घाला, लवकर विरघळत नाही. चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये विझवा, पूर्ण थंड होऊ द्या, गाळून घ्या. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि काडीनं ढवळत राहा, छान आभाळी निळा रंग येतो. भांडी प्लास्टिकची नाहीतर मातीची, लोखंडाची चालत नाहीत. झालं की त्यात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा, खिळ्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, थोडं चुन्याचं पाणी वाढवा. त्याच दिवशी वापरून टाका, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही. ब्रशनं जमिनीपासून तीन फुटांपर्यंत सगळ्या खोडाला लावा, नुसत्या जखमेला नाही. दोन-चार तास पाऊस येणार नाही अशी वेळ पाहा. कोंबड्या, लेकरं लांब ठेवा, डोळ्यांत उडू देऊ नका.

आळं आता कायमचं बदला. खोडाला चिकटून जे गोल आळं करतात ना, तेच झाड मारते. खोडाभोवती दीड फुटाचा मातीचा उंचवटा करा, कासवाच्या पाठीसारखा, आणि पाण्याचं कडं त्याच्या बाहेर, फांद्यांचा घेर संपते तिथं. आम्ही डबल रिंग म्हणतो. उंचवटा करताना कलमाचा जोड मात्र मातीखाली जाऊ देऊ नका. जोडाच्या वरच्या भागाला माती लागली की बुरशीला दारच उघडं मिळते. माझी पहिली दोन झाडं अशीच गेली. रोपवाटिकेतून आणली तेव्हा जोड कुठं ठेवायचा हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, वडील म्हणाले खोल लाव म्हणजे वाऱ्यानं पडणार नाही, तर जोडासकट पुरली.

यंदा आमच्या बगीच्यांचेही हाल आहेत. मृग बहार घ्यायचा तर एप्रिलच्या शेवटापासून पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागते, पानं मलूल झाली, थोडी गळाली की समजायचं ताण बसला, मग मृगाच्या पाण्यावर झाड फुलानं भरते. या मेमधल्या पावसानं ताण मधेच तुटला. झाडं फुलांऐवजी नवती फेकून राहिली, हिरवी कोवळी पालवी, पाहायला सुंदर आणि हातात काही नाही. तुमच्या लिंबालाही तसंच झालं असेल, पुढच्या दोन महिन्यांत फुलं कमी दिसली तर घाबरू नका, ते या रोगानं नाही. त्या कोवळ्या पालवीवर मात्र लक्ष ठेवा, नागअळी आणि लिंबावरची फुलपाखराची अळी तिच्यावरच येते. एका झाडाचा प्रश्न आहे, रोज सकाळी हातानं वेचल्या तरी पुरे.

परसातली · २९ मे

दादा, भाऊ, दोघांचेही खूप खूप आभार. आज सकाळीच आळी फोडली, पोरानं चर काढला. चराचं तोंड उघडलं तसं वाडीतलं पाणी अर्धा तास वाहत होतं, पिवळसर, फेसाळ. वर तर काहीच साचलेलं दिसत नव्हतं, हे सगळं मातीत होतं! परवा उपटलेलं धरून मिरचीची ५ झाडं आतून तपकिरी निघाली, काढली, ७ ठेवली. मोरचूद उद्या आणणार. लिंबाची माती काढली तर कलमाचा जोड चार बोटं खाली निघाला. मामाजींनी नीटच लावलं असेल, दरवर्षी मीच वरून खत-माती टाकत गेले त्यानं पुरला गेला असावा.

गोगलगायी पण खूप झाल्या आहेत, त्याचं काय करू? आणि कोहळ्याचं कोणी सांगेल का?

दर्यापूरची_आजी (जि. अमरावती) · २९ मे

नातीनं लिहून देल्लं हाये, माह्या तोंडचं.

अवं माय, तुह्या कोहयाले रोग नाई झाला. एक गयलेलं फय घे अन् चिरून पाह्य. आत अळ्या असतीन त फळमाशी, थे फय पुरून टाक खोल, अन् बजारात क्यू ल्युरचा सापळा भेटते थो मांडवाले बांध. आत काईच नसन, नुसतं फुसकं, त समज का फुलाले फूल लागलं नाई. पावसात मधमाशा येत नाईत, पराग धुवून जाते, मंग बाई फूल काय करन बिचारं.

थे आपल्याले कराव लागते. बाई फुलाच्या मांगं गोटीएवढं फय असते, गड्याच्या फुलाले नुसतं लांब देठ. संध्याकायी वेलाजोळ जायाचं, उद्या उमलनारं फूल टोकाशी पिवयं झालेलं दिसते. बाई फुलाच्या टोकाले दोरा बांधून ठेवाचा म्हंजे रात्रीचं पानी आत जात नाई. गड्याचं फूल देठासगट तोडून घरात पेल्यात पान्यात ठेवाचं. कोहयाचं फूल झुंजुमुंजु उमलते, आठ-नऊ वाजता खलास. सकायी चहाच्या आंधी जायाचं, गड्याच्या फुलाच्या पाकया काहाडाच्या, बोटाले पिवयी भुकटी लागते का पाह्याचं, अन् बाई फुलाच्या मधात हयू फिरवाचं. अन् मंग पुन्हा दोरा बांधून द्याचा. तीन दिवसात फय वरते झालं त लागलं समज. दोडक्याचं अन् लौकीचं उलटं हाये, थे संध्याकायी उमलतात, त थे दिवे लागनीले कराचं. मी ७० वर्साची हाये, माह्या आईनं शिकोलं.

गोगलगायीले औषध नोको टाकू, घरी कुत्रं-कोंबडी असन त थे खाऊन मरतीन. बारदान वलं करून संध्याकायी वाफ्यात हातरून ठेव, त्याखाली पपईचे पानं टाक. सकायी उलटं कर, सगया खाली जमा असतात. मिठाच्या पान्याच्या बादलीत टाकाच्या. आठ दिवस रोज कर, एक दिवस केलं अन् सोडलं असं नोको.

आमच्या इकडं खारपाणपट्टा हाये. हिरीचं पानी खारट, त्यानं वाडी पांढरी पडते. आमाले त हा पाऊस गोड लागला, मातीचं खार थोडं धुवून गेलं. पन पानी साचलं का आमच्या जमिनीत तुह्यापेक्षा बेकार, पाय टाकला त गुडघ्यापर्यंत जाते. म्हून आमी सांबार जमिनीत लावतच नाई उन्हायात, फुटक्या टोपल्यात लावतो अन् ओसरीले ठेवतो.

धानपट्टी (साकोलीजवळ, जि. भंडारा) · ३० मे

काळी_कसदार भाऊ, तुमचं सगळं पटलं, एक सोडून. कुटार सगळं उचलायला सांगू नका. आमच्याकडे पाऊस जास्त, आमचा अनुभव असा की माती उघडी राहिली की थेंब जोरात पडतात, मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडतात आणि करपा तिथूनच सुरू होते. टमाटरचं पाहा, नेहमी खालच्या पानापासून वर चढते. म्हणून आच्छादन ठेवायचं पण पातळ, बोटभर, आणि खोडापासून चार बोटं लांब. जमिनीला लागलेली खालची दोन-तीन पानं कापून टाकायची. टमाटरला तुराटीचा आधार द्यायचा, म्हणजे हवा खेळते.

आणि पुढच्या वर्षासाठी सांगतो, जमीन सपाट ठेवायची हौस सोडा. आमच्याकडे धानाच्या बांधीत पाणी उभं असते तरी धुऱ्यावर (बांधावर) तूर मस्त येते, कारण धुरा हातभर वर असते. तेच तत्त्व वाडीत लावायचं. मी दोन वर्षांपासून सगळं गादीवाफ्यावर करतो. उन्हाळ्यात त्याला पाणी थोडं जास्त द्यावं लागते, मान्य आहे, पण असा मे आला तर झोप लागते.

काळी_कसदार · ३० मे

बरोबर आहे तुमचं, मी पाणी ओसरेपर्यंतचं बोलत होतो, पण तसं लिहिलं नाही. ताई, दोन-तीन दिवस कुटार वाळू द्या, मग धानपट्टी भाऊ म्हणतात तसं पातळ टाका. जे कुजट वासाचं, काळं झालं आहे ते परत वाफ्यात नको.

आणि तुमचा पेरायचा प्रश्न राहून गेला. थांबा. मान्सून केरळात २४ मेला आला, मुंबईत २६ लाच, टीव्हीवर सगळे पाऊस आला पाऊस आला करून राहिले, पण अवकाळीच्या ओलीवर भरोसा ठेवून पेरलं आणि मधे पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की उगवलेलं करपते. शेतातही आम्ही हेच सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर चांगला पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. वाडीत तुमच्या हाताशी पाणी आहे म्हणून खंडानं एवढं बिघडणार नाही, पण आत्ता तुमची माती चिखल आहे, त्यात बी टोबलं तर उगवण्याआधीच सडेल. वाफसा येऊ द्या. वांगी-मिरचीची नवी रोपं मात्र आत्ता टाकायला हरकत नाही, जमिनीत नको, टोपल्यात नाहीतर ट्रेमध्ये, ओसरीच्या कडेला, जिथं ऊन येते पण पाऊस येत नाही. बी दाट टाकू नका, दाट रोपं खालून कोलमडतात. आणि पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको.

परसातली · २० जून

सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून परत आली.

काळी_कसदार भाऊ म्हणाले तसंच झालं, जून लागला तसा पाऊस गायब आणि ऊन तापलं. शेजाऱ्यांनी २८-२९ मेलाच भेंडी-बरबटी टोबली होती, निम्मी सडली आणि उगवली त्यांनी पाणी दिलं म्हणून थोडी वाचली. मी ७ जूनला वाफसा पाहून टोबली, रोज हलकं पाणी दिलं, आज बरबटी चार पानांवर आहे. मिरचीची ७ पैकी ६ झाडं जगली, एक गेलं. १९:१९:१९ दोनदा फवारलं, वरून नवी पानं गडद हिरवी येऊन राहिली आहेत. ट्रायकोडर्माचं खत १६ तारखेला दिलं.

आजी, कोहळ्याला ३ फळं लागली! पहिल्या दिवशी मी चुकून गड्याच्याच फुलाला दोरा बांधून आली होती, सासूबाईंनी दाखवलं. त्यांना हे सगळं माहीत होतं, मी कधी विचारलंच नव्हतं. आता रोज सकाळी त्याच जातात वेलाजवळ, मला उठवत पण नाहीत. गोगलगायी पहिल्या दिवशी १४० मोजल्या, मग मोजणं सोडलं. आता सकाळी बारदान उलटं केलं की पाच-सहाच निघतात.

लिंबाचं सांगते. साल खरवडताना फार भीती वाटत होती, हात कापत होता, चाकू पोराला दिला. काळा भाग तळहाताएवढा निघाला, मागच्या बाजूला साल चांगली होती. पेस्ट लावल्यावर तीन दिवसांनी पाऊस आला पण ती निघाली नाही. आता जखम कोरडी आहे, कडेनं साल आत वळून राहिली आहे, बोट फिरवलं तर गोल ओठासारखी लागते. नवीन डिंक नाही. फुलं खरंच कमी आहेत. मधेच दोन दिवस पानं गळाली तेव्हा जीव खाली-वर झाला होता पण मग थांबली.

आता पाऊस परत सुरू झाला आहे, यावेळी खरा. पालक-सांबारासाठी गादीवाफे करायचे आहेत. किती उंच करू, आणि माती कुठून आणू? नदीची वाळू मिसळू का?

धानपट्टी · २० जून

ताई, एक वीत उंच पुरे, रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचते आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. माती बाहेरून आणू नका, दोन वाफ्यांच्या मधे जो चर काढाल त्याचीच वर टाका, त्यात टोपलंभर जुनं शेणखत. वाळू नको. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की ती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर घट्ट बसते, आणि उपयोग होईल एवढी वाळू घालायची म्हटलं तर ट्रॉलीच लागेल. त्याऐवजी खत आणि पालापाचोळा दरवर्षी घालत राहा. वाफे उताराला आडवे करू नका, चराचं पाणी बाहेर निघालं पाहिजे. वाफसा असेल त्याच दिवशी करा, आज पाऊस असेल तर आज नको.

दर्यापूरची_आजी · २१ जून

सासूले माहा नमस्कार सांग. कोहयाखाली वीट ठेव नाईतर तुराट्या, वल्या जमिनीवर टेकलं का खालून सडते.